पोफळीच्या पट्ट्यांचा शेळीवाडा: उतारावर बांधताना ठेवलेल्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

कुडाळ तालुका, गाव घाटाच्या अंगाला, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वरच. आत्ता सहा शेळ्या आहेत, सगळ्या कोकण कन्याळ, जुन्या मांगरात (शेतातल्या खोपीत) बांधतो. वीसपर्यंत न्यायच्यात म्हणून नवीन वाडा. बचत गटातून एक लाखाचं कर्ज मंजूर झालंय, वरचे घरातून घालायचे.

मोबाईलवर शेडचे व्हिडिओ भरपूर बघितले, पण बहुतेक सगळे सोलापूर, अहिल्यानगर, धाराशिवकडचे. तिकडे सगळी काळजी उन्हाची. खाली मुरूम, कडेला जाळी, वर पत्रा, झालं शेड. आमच्याकडे तसं केलं तर जुलैत शेळ्या चिखलात उभ्या, खूर कुजणार, छाती भरणार. मांगरात गेल्या पावसात हेच बघितलंय. म्हणून जमिनीपासून उचललेला, फटींच्या तळाचा वाडा करायचा असं ठरलं, लेंड्या आणि मूत खाली पडेल, शेळी कोरडी राहील.

माप असं काढलं: मोठ्या शेळीला १० चौरस फूट, बोकडाला २०, करडाला ४. वीस शेळ्या, एक बोकड, तीस करडं धरली तर ३४०. म्हणजे ३० बाय १२ पुरे. फिरायला मोकळी जागा ह्याच्या दुप्पट तरी हवी, ती काजूच्या बागेत आहेच.

सरकारी योजनेचं पण बघितलं. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत (फेब्रुवारी २०२१ चा जीआर) १० शेळ्यांच्या शेडला ४९,२८४ रुपये मिळत होते, रोजगार हमीतून. पण तिथे नमुना ठरलेला, जमिनीवरचा, भिंतीवाला. मला उचललेलाच हवा होता म्हणून नाद सोडला. ज्यांची जागा सपाट आणि कोरडी आहे त्यांनी जरूर विचारा.

घरचा अंदाज: १,०५,०००. लिहून ठेवते, पुढे कामाला येईल.

१६ फेब्रुवारी

जागा म्हणजे घरामागचा उतार. पूर्वेकडून पश्चिमेकडे ३० फुटात अडीच फूट खाली जातो. जेसीबीवाल्याला बोलावलं, तो म्हणाला वरची माती काढून सपाट करून देतो, पण दोन फुटांवर कातळ लागला तर ब्रेकर लावायला लागेल, त्याचे वेगळे. तासाचे पैसे ऐकून आमचे हे गप्पच बसले.

मग डोक्यात आलं की तळ उचलायचाच आहे तर जमीन सपाट कशाला करायची, खांबच कमीजास्त उंचीचे करू. पूर्वेला अडीच फूट, पश्चिमेला पाच फूट, वरून तळ एका पातळीत. जेसीबीचे पैसे वाचले, शिवाय लेंड्या उतारावरून आपोआप खाली येतील असं वाटलं. (नाही आल्या. लेंडी जिथे पडते तिथेच बसते, खाली ढीग होतो आणि ओढूनच काढावा लागतो.)

लांबी पूर्व-पश्चिम ठेवली. दुपारचं ऊन कमी लागतं हे एक, आणि आमच्याकडे झड येते पश्चिमेकडून, नैऋत्येकडून, तर तिला १२ फुटांची अरुंद बाजू दाखवलेली बरी, ३० फुटांची नाही. हे आजही बरोबर वाटतं. पण अरुंद बाजू पश्चिमेला आणि तीच सगळ्यात उंच, ह्या दोन गोष्टी एकत्र काय करतात ते जूनमध्ये कळलं.

पातळी घ्यायला पाण्याची नळी वापरली, पारदर्शक, २० रुपये मीटरची. दोन माणसं लागतात, एकाने नळीचं टोक हलवायचं नाही. सासूबाईंनी धरली आणि अजिबात हलवली नाही.

२ मार्च

चिरे (जांभा दगडाचे) आले. ३०० नग, गाडीभाड्यासकट ४२ रुपयांनी, १२,६००. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवेवर राहिला की कडक होतो, म्हणून आधी आठवडाभर आणून ठेवायचा विचार होता पण खाणवाल्याने उशीर केला आणि गवंड्याने दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं. उतरवताना बरेच कोपरे उडाले, पंचवीसेक चिरे अर्धेच कामाचे राहिले.

खांब १८. सहा-सहा फुटांवर सहा ओळी, प्रत्येक ओळीत तीन. एका थरात दोन चिरे शेजारी शेजारी, वरच्या थरात फिरवून आडवे. वरची माती काढून कातळ लागेल तिथपर्यंतच खोदलं, पायात पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट. प्रत्येक कडेच्या खांबात १२ एमएमची सळी उभी सोडून घेतली, दीड फूट वर येईल अशी. गवंडी विचारत होता कशाला. छप्पर बांधायला. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा आमच्या शेजारच्या पडवीचे पत्रे, वासे, सगळं एकसंध उचलून पलीकडच्या भाटात पडलं होतं. पत्रे वाशांना नीट बांधलेले होते, वासे कशालाच नव्हते.

गवंडी आणि हेल्परची मजुरी ९,०००, सिमेंट-वाळू-सळी मिळून ६,५००.

११ मार्च

लाकूड. स्वतःच्या जमिनीत किंजळ आहेत पण तोडायला वनखात्याची परवानगी लागते, अर्ज, पंचनामा, मग कधीतरी कागद. मेच्या आत मिळेल ह्याची कोणी खात्री देईना. म्हणून जुन्या घराचं लाकूड बघितलं. पलीकडच्या वाडीत एकांनी जुनं कौलारू घर उतरवून स्लॅबचं घातलंय, त्यांचे वासे, तुळया, खांब असा सगळा लॉट १८,००० ला घेतला.

जुनं लाकूड घेताना टोकं बघा. मधे खणखणीत असतं पण भिंतीत गाडलेलं टोक वाळवीने पोकळ केलेलं असतं. आम्ही प्रत्येक टोकावर हातोडी मारून आवाज ऐकला, भद्द आवाज आला की तिथून फूटभर कापायचं. त्यामुळे १२ फुटांचे म्हणून घेतलेले कित्येक वासे साडेदहाचे झाले, आणि तळाचे आडवे वासे मधल्या तुळईवर जोड देऊन टाकायला लागले. जोड नेमका तुळईवर आला पाहिजे, अधांतरी नको.

टोकांना आणि खांबावर टेकणाऱ्या भागाला गॅरेजमधलं जळकं ऑईल दोन हात लावलं. फुकट मिळालं. वास महिनाभर जात नाही, शेळ्या लगेच आणायच्या असतील तर त्यांचं तोंड पोचेल तिथे लावू नका.

आता शिमगा. पालखी आली की सुतार, गवंडी, हेल्पर सगळे देवाकडे. काम बंद. हे धरूनच बसलेलो.

२३ मार्च

छपराचा वाद घरात बरेच दिवस चालला. सासूबाईंचं म्हणणं कौलं घाला, त्याच जुन्या घराची मंगलोरी कौलं पडून होती, सात रुपयाला एक. कौलाखाली गारवा असतो हे खरं आणि १०० चौरस फुटाला दीडशेच्या आसपास लागतात, म्हणजे पत्र्यापेक्षा स्वस्त पण झालं असतं. पण माकडं. गावात निम्म्या लोकांनी कौलं काढून पत्रे घातले ते हौसेने नाही, माकडांमुळे. एक टोळी फणसावरून उडी मारून छपरावर आली की पंधरा-वीस कौलं गेली, आणि ती भर पावसात बदलायला कोण चढणार. शिवाय बिबट्या. गेल्या वर्षी खालच्या वाडीत कौलं सरकवूनच आत उतरला होता.

पत्रेच ठरले. रंगीत, ०.५० एमएम, १० फुटी, २२ नग, १,०८० प्रमाणे २३,७६०. पातळ ०.३५ चा पण दाखवत होता दुकानदार, त्यावर पाऊस पडला की आवाज कसा येतो ते ज्याने ऐकलंय तो घेणार नाही, शेळ्या रात्रभर उभ्या राहतात.

६ एप्रिल

छप्पर उभं राहिलं. मापं देते कारण हेच सगळे विचारतात. दोन्हीकडे उतार, सहा फुटाला तीन फूट चढ. तळापासून कडेच्या तुळईपर्यंत सात फूट. पत्रा १० फुटी असल्यामुळे कडेच्या बाहेर जवळजवळ तीन फूट वळचण मिळते, ती हवीच, दोन फूट पुरत नाही. तीन फुटांची वळचण म्हणजे वाऱ्याला धरायला जागा, म्हणून प्रत्येक वासा कडेच्या तुळईला लोखंडी पट्टीने आणि तुळई खांबातल्या सळीला, अशी खालपर्यंत साखळी केली. छत्रीचे खिळे वापरले नाहीत, रबर वॉशरवाले स्क्रू, आणि ते पत्र्याच्या उंचवट्यावर, खोलगट भागात नाही, नाहीतर तिथूनच गळती.

कोन्याच्या (छपराच्या माथ्यावरच्या) पत्र्याखाली दोन्ही टोकांना जाळीची फट ठेवली, गरम हवा जायला. कोना, स्क्रू, पट्ट्या मिळून ३,९००.

१९ एप्रिल

तळ. ह्यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण बाकीचं सगळं कमीजास्त चालतं, तळ नाही चालत.

तयार प्लॅस्टिकचे तळ चौरस फुटाला १६५ ने मिळत होते. सगळीकडे घातले असते तर ६० हजारांच्या जवळ. म्हणून मोठ्या शेळ्यांसाठी पोफळ (सुपारीचं झाड) आणि करडांच्या कोपऱ्यात ४० चौरस फूट प्लॅस्टिक, ६,६०० चं. करडांचा पाय बारीक, त्यांना १ सेंटीमीटरची फट लागते, ती लाकडात नीट जमत नाही. हा कोपरा पूर्वेच्या टोकाला घेतला, घराच्या जवळ, रात्री आवाज आला तर कळावा म्हणून.

पोफळी बागायतदाराकडून वय झालेल्या घेतल्या, १६ नग, तोडून आणून ३०० ला एक. एका पोफळीच्या सहा पट्ट्या निघतात, दोन इंची. आतला भुसभुशीत गाभा तासून टाकायचा, तो ठेवला तर मूत पिऊन कुजतो. कडा रंध्याने मारून घ्यायच्या, पोफळीची कूस हातात गेली की दोन दिवस ठणकते, शेळीच्या कासेला लागली तर काय होईल.

खिळा थेट मारला की पट्टी उभी चिरते. आधी ड्रिलने भोक पाडून मगच जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला) खिळा. आडवे वासे दीड-दीड फुटांवर, पट्ट्या लांबीत. फट १५ मिलिमीटर. सुतारकाकांनी १५ एमएमचा लाकडी ठोकळा करून घेतला, पट्टी ठेवायची, ठोकळा लावायचा, दुसरी पट्टी त्याला टेकवायची. १२ फुटांच्या रुंदीत ५६ पट्ट्या बसल्या.

बसवायला सुरुवात करतानाच काका म्हणाले होते, "वैनीनू, पोफळ ओली आसा. सुकली की आकसतली, मगे गॅप मोठो जातलो." मी म्हटलं किती होईल काका, दोन-तीन एमएम? ते म्हणाले बघूया. त्यांचं मेमधलं दुसरं काम ठरलेलं, पोफळी सुकवायला महिना थांबलो तर तेच मिळणार नाहीत, म्हणून बसवून घेतलं.

४ मे

फट १९, कुठे कुठे २०. सगळीकडे. उन्हाने पत्र्याखाली भट्टी झालेली, त्यात पोफळ झटकन आकसली. प्रत्येक पट्टी ५० ची ४६ एमएम.

वीस एमएममध्ये मोठ्या शेळीचा खूर पूर्ण जात नाही पण टोक अडकतं. मांगरातली एक गरीब स्वभावाची शेळी आणून उभी केली, ती चाललीच नाही, चारही पाय एकत्र करून एका वाशाच्या वर उभी राहिली आणि ओरडायला लागली. पाटी (तरुण शेळी) आणली तर तिचा मागचा पाय खाली गेला, लगेच काढला म्हणून बरं.

उपाय दुसरा काही नव्हता, खिळे काढून सगळ्या पट्ट्या सरकवल्या. आता १२ फुटांत ६० बसल्या, म्हणजे चार जादा. दोन पोफळी आणखी आणल्या, ६००. काकांनी दुसऱ्या कामातून वेळ काढून केलं, त्याचे ४,००० वेगळे. एक फायदा झाला, पहिल्या वेळी वाकड्या निघालेल्या पट्ट्या बाजूला काढता आल्या.

मधल्या एका खणात माणगा बांबू चिरून पण घालून बघितला होता, तुलनेसाठी. गोल बाजू वर केली तर पाणी पडल्यावर घसरते, सपाट बाजू वर केली तर पेराच्या खोबणीत मूत साठतं. पोफळ बरी. माणगा वापरला कडेच्या कठड्याला आणि मधल्या आडोशांना, ६० काठ्या, ७० ने. कापून आणून व्हाळात (ओढ्यात) बुडवून ठेवायला वेळ नव्हता, म्हणून बोरिक आणि बोरॅक्सच्या पाण्यात भिजवल्या, नाहीतर सहा महिन्यांत भुंगा लागून पीठ पडायला लागतं.

१५ मे

दार, जाळी, गव्हाण चालू. गव्हाण म्हणजे सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून, कठड्याच्या बाहेरून शेळीच्या छातीच्या उंचीला. आत ठेवला तर त्यात पाय घालून उभ्या राहतात आणि मग त्याच चाऱ्याला तोंड लावत नाहीत. पाला टांगायला वर आडवी काठी, फणसाच्या डहाळ्या तिलाच बांधतो.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टर येऊन आंत्रविषाराची लस देऊन गेले. पावसाच्या आधी द्यायची असते. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, आधीच झाली होती.

राहिलेलं: तळाखालची जाळी, पश्चिमेकडचा आडोसा, वरच्या अंगाचा चर. मनात होतं मेअखेरीपर्यंत करू, पाऊस सात जूनला.

२१ मे

सात जून कसलं. कालपासून धो धो. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा झालाय म्हणे. जाळीचं बंडल भिजत पडलंय, सिमेंटची उरलेली दीड गोणी दगड झाली, सुतार येत नाहीत, वीज नाही. पश्चिमेच्या बाजूला घाईघाईत ताडपत्री मारली, रात्रीत फडफडून दोन आयलेट फाटले. घरात आंबा पडलाय तो वेगळाच.

२५ मे

आज मान्सून देवगडपर्यंत आल्याचं जाहीर झालं. मेमध्ये. म्हातारी माणसं पण म्हणतायत एवढ्या लवकर बघितला नव्हता.

चर खणला नव्हता त्यामुळे वरच्या काजूच्या बागेतलं सगळं पाणी सरळ वाड्याच्या खालून. अजून शेळ्या नव्हत्या म्हणून नुकसान नाही, पण दोन खांबांच्या पायाजवळची माती गेली, पीसीसी दिसायला लागली. आम्ही दोघांनी आणि दिरांनी पावसातच खोरं घेऊन पूर्वेच्या बाजूला चर काढला, दोन्हीकडे वळवून खाली व्हाळाच्या दिशेने, पण विहिरीपासून लांब. फूटभर खोल, फूटभर रुंद. हे काम कोरड्या जमिनीत अर्ध्या दिवसाचं होतं. उतारावर बांधणाऱ्यांनी खांबांच्या आधी चर मारा.

८ जून

मधे थोडी उघडीप मिळाली त्यात जाळी पूर्ण केली. तळाच्या वर सहा फूट आणि तळाखाली पण चारही बाजूंनी, लेंड्या काढायला दोन छोटी दारं. तळाखाली कशाला असं सगळे विचारतात. बिबट्या आत आला नाही तरी खाली शिरून फटीतून पंजा मारायला बघतो, आणि नाही मारला तरी खाली बसला एवढ्यानेच शेळ्या एकमेकींवर चढून जखमी होतात. जाळीचे ११,५००.

शेळ्या आणल्या. जुन्या सहा आणि नवीन आठ, कन्याळच घेतल्या. उस्मानाबादी स्वस्त मिळत होत्या, पण देशावरच्या हवेतल्या शेळ्या आमच्या पावसात आणून मला प्रयोग करायचा नव्हता. पहिले दोन दिवस फटींवर जपून चालल्या, मग सवय झाली. तळ कोरडा, लेंड्या झरझर खाली. खूश होतो सगळे.

१४ जून

करडं खोकतायत. तीन आहेत, तिघांच्या नाकाला पाणी. छप्पर गळत नाही, झड आत येत नाही, प्लॅस्टिकचा तळ कोरडा. कळेना. डॉक्टरांनी औषध दिलं आणि गारठा टाळा म्हणाले, पण गारठा कुठून.

सासूबाई संध्याकाळी आत जाऊन करडांच्या कोपऱ्यात बसल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "अगो, हेंका खालसून वारो लागता." मी हात लावून बघितलं. फटींतून वर गार वारा, चांगला जोराचा, बारीक तुषारांसकट.

झालं असं की पश्चिमेला तळाखाली १२ फूट रुंद, पाच फूट उंच तोंड उघडं. वारा तिथून शिरतो. पुढे जमीन चढत जाते, जागा पाच फुटांवरून अडीचवर येते, वारा दाबला जातो आणि जायला जागा कुठे, तर फटींतून वर. सगळ्यात जास्त शेवटच्या टोकाला, म्हणजे पूर्वेला, म्हणजे जिथे आम्ही करडं ठेवली तिथेच. जेसीबीचे पैसे वाचवले ते असे बाहेर आले.

२२ जून

दुरुस्ती तीन भागांत केली.

पश्चिमेच्या तळाखाली चिऱ्यांची साडेतीन फुटी भिंत, दोन्ही कोपऱ्यांना पाच-पाच फूट वळवून. गिलावा नाही, मधे मधे अर्ध्या चिऱ्याच्या फटी, हवा पूर्ण कोंडायची नाही. उरलेले चाळीस चिरे होते, साठ नवीन घेतले, २,५२०, गवंडी २,०००. पावसात भिंत बांधायला गवंडी सहज येत नाही, वर ताडपत्री धरून उभं राहावं लागलं.

करडांसाठी फळ्यांचं उथळ खोकं, वर भाताचा पेंढा, रोज बदलायचा. प्लॅस्टिक तळ खाली आहेच, पण बसायला खोक्यातच जातात. खोकला चार-पाच दिवसांत कमी झाला.

तिसरं, तळाच्या वरचा पश्चिमेकडचा आडोसा. ताडपत्रीने पूर्ण बंद केलं होतं ते काढलं. त्याच्या जागी विणलेल्या चुडतांचे (नारळाच्या झावळ्यांचे) झाप, माणग्याच्या चौकटीवर, वरून बिजागरीसारखे टांगलेले आणि खालचं टोक दीड फूट बाहेर ढकलून काठीने टेकवलेलं. झड झापावरून बाहेरच ओघळते, हवा खालून आत येते. उघडीप मिळाली की वर उचलून बांधायचे. चौकटी आणि विणण्याची मजुरी धरून २,६००. हिरवी शेडनेट पण लावून बघितली होती एका भागात, तिच्यातून पाणी बारीक होऊन आत येतंच, उन्हाळ्यात सावलीसाठी ठीक.

१३ जुलै

ताडपत्री असताना डोळ्यांना झोंबणारा वास यायचा, सकाळी दार उघडलं की तोंडावर. तो आता नाही. पण खाली मूत मातीत मुरतं, आणि सततच्या ओलीत वास धरतोच. दर आठवड्याला लेंड्या काढून खाली भाताचं तूस टाकतो, राईस मिलमधून पोत्याने मिळतं. कोबा करून मुताची नाली काढायला हवी होती, ते पैसे संपल्यावर सुचलं.

पूर्वेच्या टोकाला अडीच फुटांत वाकून जाता येत नाही. लांब दांड्याचं दाताळं करून घेतलं लोहाराकडून, दोन्ही बाजूंनी ओढायचं. नवीन करणाऱ्यांनी कमीत कमी उंची साडेतीन फूट ठेवा, सगळ्याच खांबांना एक-दोन थर चिरे जास्त लागतील पण रोजचं कंबरडं वाचेल.

परवा रात्री बिबट्या येऊन गेला. कुत्रा घरात शिरून बसला त्यावरूनच कळलं, सकाळी चराच्या ओल्या मातीत पंजे दिसले, वाड्याला फेरी मारून गेलेला. दाराची कडी साधी सरकती होती, ती बदलून वर-खाली दोन कड्या आणि मधे पिन केली.

१७ ऑगस्ट

हिशोब. चिरे १२,६००, गवंडी ९,०००, सिमेंट वगैरे ६,५००, जुनं लाकूड १८,०००, पत्रे २३,७६० आणि त्याचं सामान ३,९००, पोफळी ४,८००, माणगा ४,२००, प्लॅस्टिक ६,६००, जाळी ११,५००, सुतार २४,०००. इथपर्यंत १,२४,८६०. वर दुरुस्त्यांचे ११,७२०: दोन पोफळी, सुतारकाकांची दुसरी खेप, पश्चिमेची भिंत, झाप. एकूण १,३६,५८०. अंदाज १,०५,००० चा होता. अंदाज मुख्य चुकला सुतारात आणि जाळीत, तळाखालची जाळी धरलीच नव्हती, आणि सुतार मी छपरापुरता धरला होता, तळाला छपराएवढाच वेळ लागतो हे तेव्हा माहीत नव्हतं. आमची घरच्यांची मजुरी ह्यात नाही.

लेंडीखताची २२ पोती झालीत, विकली नाहीत, काजूला घालणार.

खूर कुजल्याची एकही शेळी नाही ह्या पावसात. पोफळीच्या पट्ट्या ओलीने पुन्हा थोड्या फुगल्यात, फट १३-१४ वर आलीय, तरी लेंडी अडकत नाही. उन्हाळ्यात परत किती होते ते मोजून इथेच लिहीन. दोन पट्ट्यांना बुरशीचे काळे डाग दिसतायत, दोन्ही बोकडाच्या कोपऱ्यात, तिथे मूत एकाच जागी पडतं, त्या खिळ्यांचं जीआय पण उडायला लागलंय. गणपती झाले की तेवढ्या बदलून स्टेनलेसचे स्क्रू मारणार.

ज्यांना येत्या उन्हाळ्यात करायचंय त्यांनी पोफळी दिवाळी झाल्या झाल्या तोडून, गाभा तासून, पट्ट्या करून सावलीत आडव्या रचून ठेवा, मधे काठ्या घालून, वर दगड ठेवून, नाहीतर वाकतात. मार्चपर्यंत आकसून होतात. एवढ्याच मापाचा तळ असेल तर १६ नाही, १८ सांगा.